पहिला भाग

जपानात बारा वाजले की सावर्ड्यात साडेआठ.
हा हिशेब आम्हांला तोंडपाठ,
जशी माझ्या आईला संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ.

टायरच्या दुकानावरची आमची खोली.
भिंतीवर लिझेटच्या बहिणीच्या लग्नातलं टेबलावरचं पांढरं कापड,
एका कोपऱ्यात वाईनचा डाग, जो प्रत्येक दृश्यात
कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर येतो.
प्रोजेक्टर मडगावच्या शिकवणीवाल्याचा,
सुरू झाला की आधी दाखवतो ‘त्रिकोणमिती : उजळणी’.
पोदेराकडचे बारा उंडे. चोरीस. एक लिंबू.

दोन वर्षं थांबलो होतो.
तेवढ्यात एल्रॉयने दोन नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या,
विनंतीचं लग्न ठरलं, मोडलं,
खाणी सुरू होणार ही बातमी चारदा आली
आणि नदीतल्या बार्जवर गवत उगवलं.

विहिरीच्या तळाशी वसलेलं शहर, आणि
कंदील घेऊन सगळ्यांना वर आणणारी ती मुलगी.
मागच्या वेळी काठाशी पोचली होती.
एक हात दगडावर, आणि आम्ही दोन वर्षं
तो हात तसाच धरून बसलेलो.

अकराव्या मिनिटाला कंदील विझला.
किंकाळी नाही, संगीत नाही.
नुसता काळा पडदा.

‘गेली मरे लाइट,’ एल्रॉय म्हणाला,
आणि सवयीने उठला इन्व्हर्टर बघायला.
पंखा फिरत होता.
पंखा फिरतोय म्हणजे काय, हे कळायला
आम्हांला जरा वेळ लागला.

त्या काळ्यात खाली एकच ओळ उमटली :
मी खाली आहे. इथे पाणी गार आहे.

मग कुणी काय म्हटलं ते सांगते.
विनंती म्हणाली, फसवलं.
पुन्हा म्हणाली, फसवलं, आणि उशी
पडद्यावर फेकली, डागाला लागली.
लिझेट चित्रं काढते, ती पुढे सरकून बसली होती,
म्हणे हा काळा साधा नाही, ह्यात निळा आहे,
कडेला थोडा तपकिरी, बघा नीट, कुणीतरी रात्र रात्र जागलाय ह्याच्यासाठी.
एल्रॉय हसला. तो हसतोच.
आजोबांना पुरताना हसला होता आणि
पाद्रीबाबने त्याला बाहेर उभं केलं होतं.
आई भजी घेऊन आली. ‘कोण मेलं?’
‘कोणी नाही गो, चित्र आहे.’
‘मग तोंडं अशी कशाला?’
बशी ठेवून उभीच राहिली ती.

सोयरूने अर्धा उंडा खाली ठेवला.
‘हिरवं होतं,’ तो म्हणाला. ‘काळं नव्हतं.’

रिवणच्या पलीकडच्या त्या खंदकाबद्दल
तो आजवर एक अक्षर बोललेला नाही.
खाण बंद पडली, खड्डा पाण्याने भरला,
आणि त्याचा भाऊ मोटरसायकल धुवायला गेला.
आम्हांला ठाऊक होतं, कारण गावाला ठाऊक होतं.
एवढ्यावरच आम्ही भागवलं होतं पाच वर्षं.

‘मागे घे,’ सोयरू म्हणाला.
घेतलं.
चाळीस सेकंदांचा काळोख आहे तो, आता मोजला.
‘अजून एकदा.’
तिसऱ्या खेपेला कुणी काही बोललं नाही,
आई दाराच्या चौकटीला टेकली होती,
आणि कापडावर आमची पाच डोकी
आमच्याच सावल्यांसारखी हलत नव्हती.

उरलेला भाग आम्ही पाहिला. चांगला होता म्हणतात.

साडेदहाला तो निघाला.
मी गॅलरीतून बघत होते, कुडचड्याच्या पुलावर
खांबावरचे दिवे गणपतीपासून गेलेले.
मधोमध त्याने स्कूटर थांबवली
आणि पुढचा दिवा बंद केला.

मी मोजू लागले.

एकोणतीसला लावला.